काम पण चालू, पार्क पण चालू

त्या हिवाळ्यात फोनवर एकच वाक्य मी किती वेळा बोलले असेन याला गणती नाही. समोरून विचारणा व्हायची, "मॅडम, पार्क चालू हाये का बंद?" मी सांगायचे, चालू आहे. "पण रोडवर तर बोर्ड लावलाय, काम चालू आहे म्हणून." मग मी एक मोठा श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, "काम पण चालू, पार्क पण चालू. तुम्ही या तर खरं." त्यावर हमखास उत्तर यायचं, "बरं, बघतो." आमच्याकडे "बघतो" म्हणजे काय ते लहान लेकरालाही कळतं. मी फोन ठेवायचे आणि तो बोर्ड लावणाऱ्या इंजिनिअरला मनातल्या मनात दोन शिव्या द्यायचे.

बदनापूरच्या पुढे, हायवेला लागून आमचं पार्क आहे. आमचं म्हणजे अण्णांचं, मी तिथली मॅनेजर. अण्णा जातिवंत शेतकरी. हायवेकडच्या रानात कापूस लावण्याऐवजी पाळणे लावू असं एके दिवशी त्यांच्या मनानं घेतलं, आणि सगळ्या गावानं वेड्यात काढलं तरी त्यांनी ते केलं. एक आकाशपाळणा, एक झुकझुक गाडी, पाण्याच्या दोन घसरगुंड्या, पोहायचा हौद आणि सिमेंटचा एक हत्ती. त्या हत्तीवर बसून फोटो काढला नाही असं एकही घर आसपासच्या गावांत सापडायचं नाही. मी आधी तिकिटाच्या खिडकीवर होते. माझे वडील शाळामास्तर, त्यांनी वर्गातला आवाज घरी आल्यावरही कधी लहान केला नाही, आणि वारशात मला तेवढंच मिळालं. माइक बंद पडला की अण्णा मला हौदाच्या कडेला उभं करायचे. त्या आवाजावरच मी मॅनेजर झाले असं घरचे अजून चिडवतात. बी.कॉम.चं नाव कोणी काढत नाही.

मग अण्णा एकदा हैदराबादला लग्नाला गेले आणि तिथलं एक भलंमोठं पार्क बघून आले. परत आले ते वेगळेच अण्णा. लाटांचा हौद पाहिजे, उंच घसरगुंडी पाहिजे, दोन मजली हॉटेल पाहिजे. झालं, ठेका दिला, शहरातून एक तरुण इंजिनिअर आला आणि भूमिपूजनाचा नारळ फुटला. आमच्या घरी पूजा-नारळ आजोबांनी छप्पन साली सोडलं ते सोडलं, त्यामुळे माझा नारळ फोडण्यावर विश्वास नाही. खोबऱ्यावर आहे. मी दोन तुकडे खाऊन तोंड पुसते न पुसते तोच अण्णा म्हणाले, "ताई, उद्यापासून गेट बंद. काम पुरं झाल्यावरच उघडायचं."

"पुरं म्हणजे कधी?" मी विचारलं.

"वर्ष लागंल. थोडं इकडं-तिकडं."

मला राग पटकन येतो, आणि आला की तो आधी तोंडावाटे बाहेर पडतो. मी म्हणाले, "अण्णा, वर्षभर बंद ठेवलं तर लोक विसरून जातील. पुढच्या महिन्यात शाळांच्या सहली सुरू होतात. आणि या बायकांनी काय करायचं?"

"अर्धं खोदलेलं, अर्धं उभं. असलं कोण येईन बघायला? लोक धूळ खायला येतेत का?"

"मी चालवून दाखवते," मी म्हणाले. दहा जणांसमोर म्हणाले. 

बायका म्हणजे जवळच्या गावातल्या दहा-बारा जणी, झाडलोट, फाटक आणि कँटीन सांभाळणाऱ्या. त्यांत कँटीनच्या मावशी सगळ्यांत मोठ्या. बारीक अंगाच्या, तुरतुर चालणाऱ्या, मिरचीची भजी अशी करायच्या की हायवेचे ट्रकवाले तिकीट न काढता फाटकातून प्लेट मागवायचे. मावशींचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा वाळूजला कंपनीत, एका खोलीत बायको-पोरांसह राहणारा, आणि तो दर फोनला म्हणायचा, आई, आता इकडं ये. मावशींना जायचं नव्हतं. त्यांनी मला एकदा भजी तळता तळता सांगितलं होतं, "सून चांगली हाये ताई, बिलकुल उलटून बोलत न्हाई. पण तिथं मला चहा प्यावा वाटला तर इचारून प्यावा लागतो." इथलं काम आहे तोवर मुलाला नाही म्हणायला त्यांच्याकडे कारण होतं. काम गेलं की कारण गेलं. अण्णांशी भांडताना माझ्या डोळ्यांसमोर बाकीचं काही नव्हतं, तो चहाच होता.

अण्णांनी डोकं खाजवलं आणि तोड काढली. "ठीक हाये. पहिली सहल येऊन जाऊ द्या. मास्तर लोक खूश होऊन गेले तर चालू ठेवू. नाराज होऊन गेले, तर त्याच दिवशी बंद. मंग मला काही बोलायचं न्हाई."

तिथून आमची तारांबळ सुरू झाली. पार्क चालू ठेवायचं म्हणजे काय, ते मला पहिल्या आठवड्यातच कळलं. आज ज्या वाटेने लोक झुकझुक गाडीकडे गेले, ती वाट उद्या सकाळी नसायची. तिथे खड्डा. मग दुसरी वाट काढायची, तर तिथे खडीचा ढीग. मी रोज सकाळी चप्पल हातात घेऊन सगळ्या पार्कात फिरायचे आणि आजचा रस्ता ठरवायचे. मग फाटकातल्या माइकवरून दवंडी, "आकाशपाळण्याला जाणाऱ्यांनी हत्तीच्या मागून जावे. हत्तीच्या पुढून जाऊ नये, पुढे खड्डा आहे." धूळ बसवायला बायका सकाळ-दुपार सडा मारायच्या, आणि सडा मारला की हात थांबत नाहीत म्हणून फाटकात रांगोळीही काढायच्या. दुपारी मुरमाचा टिप्पर त्या रांगोळीवरून जायचा. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा काढायच्या.

खड्ड्यांभोवती इंजिनिअरने पत्रे लावले होते, पण पत्रे कमी आणि चर जास्त. मुख्य खड्डे झाकले तरी लहान चरांकडे पोरं धावायची. त्यावर उपाय मावशींनी काढला. आमच्याकडे रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून शेताभोवती जुन्या साड्या बांधतात. मावशींनी गावातून साड्यांचं गाठोडं आणलं आणि दिवसभरात सगळ्या चरांच्या कडेनं साड्या ताणून बांधल्या. हिरवी, मोरपंखी, लाल काठाची. येणारे लोक हसायचे, "काय ताई, डुकरं येतेत का पार्कात?" पण गंमत अशी, की पत्र्याला भोक पाडून आत डोकावणारा माणूस साडीच्या पलीकडे मात्र पाय टाकत नव्हता. दुसऱ्याच्या पिकात शिरायचं नाही, हे अंगात भिनलेलं. इंजिनिअरने त्याचा फोटो काढून कुणाला तरी पाठवला. हसून पाठवला का कौतुकाने, ते मी विचारलं नाही.

खरं सांगते, मला त्या दिवसांत फार मजा येत होती. घरी गेले की केसांतून मुरूम निघायचा, घसा बसलेला असायचा, आणि तरी सकाळी मी उड्या मारत निघायचे. लोक येतही होते. थोडे, पण येत होते. काही जण तर फक्त जेसीबी बघायला. तिकीट काढून आत यायचे, पाळण्यांकडे पाठ करून उभे राहायचे आणि तासभर खोदकाम बघून समाधानाने घरी जायचे. एक आजोबा म्हणाले, "पाळणा काय, गोल फिरतो अन् जिथल्या तिथं येतो. हे काहीतरी होऊन राह्यलंय."

पहिली सहल वाटूरकडच्या एका गावातून यायची होती. जिल्हा परिषदेची शाळा, दोन लाल बस भरून लेकरं. मी आठवडाभर तयारी केली. पाळणा तेलपाणी करून ठेवला, गाडीचा डबा रंगवला. आणि आदल्या दिवशी मी कामासाठी जालन्याला गेले असताना इंजिनिअरने पाइपलाइनचा चर खोदायला घेतला. संध्याकाळी परत येऊन बघते तर आकाशपाळणा पलीकडे, गाडी पलीकडे, आणि मधे पुरुषभर खोल चर. उडी मारून जायची सोय नाही.

"उद्या सहल आहे, सांगितलं होतं ना मी तुम्हाला?" मी ओरडले.

"मॅडम, पाइप आज आले. काय करू? दोन दिवसांत बुजवतो."

"दोन दिवसांनी काय सहल परत येणार आहे?"

तो बिचारा मजुरांकडे वळला. वाईट माणूस नव्हता, कामाचा भुकेला होता. माझं भांडण चालू होतं तेव्हा त्याचे मजूर फाटकाजवळच्या मोकळ्या जागेत चुन्याच्या फक्कीने रेघा मारत होते. तिथे नवं हॉटेल उभं राहणार होतं. जागा रोलर फिरवून, पाणी मारून सपाट केलेली, आणि कुठे भिंत, कुठे कॉलमचा खड्डा, ते सगळं पांढऱ्या फक्कीने आखलेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी जेसीबी तिथे लागायचा होता. मी तिकडे नीट पाहिलंही नाही. माझ्या डोक्यात एकच, की उद्या लेकरांना दाखवायला आपल्याकडे पाळणा नाही, गाडी नाही, आणि हौद तर लाटांसाठी आधीच फोडलेला. उरले दोन झोके, एक घसरगुंडी आणि हत्ती. मावशी कँटीन आवरून निघाल्या तेव्हा चराच्या कडेला थांबून आत डोकावल्या. पहिल्या सहलीवर काय ठरणार आहे ते सगळ्यांना माहीत होतं.

सकाळी बस आल्या. मी माफीचं भाषण पाठ करून माइक हातात धरून उभी. लेकरं उतरली, निळे शर्ट, डोक्याला चपचपीत तेल, हातात डबे. त्यांचे मुख्याध्यापक सर शेवटी उतरले, गळ्यात शिट्टी. मी सुरुवात केली, "मुलांनो, तुमचं स्वागत आहे. आज काही कारणामुळे आकाशपाळणा..." पण माझ्याकडे कुणी बघतच नव्हतं. सगळी लेकरं डावीकडे बघत होती. मग त्यातल्या एका मुलीनं बोट दाखवून किंकाळी फोडली, "सर, खो-खो!"

मी वळून पाहिलं आणि मला पहिल्यांदा ते दिसलं. सपाट, पाणी मारलेलं मैदान. मधोमध कॉलमच्या खड्ड्यांचे चौकोन एका ओळीत, त्यांच्यातून जाणारी लांब सरळ रेघ, दोन्ही अंगांना कडेच्या रेघा, आणि ओळीच्या दोन टोकांना रात्रीच्या दिव्यांसाठी रोवलेल्या दोन बल्ल्या. ज्यांनी जन्मात फक्कीच्या रेघा शाळेच्या मैदानावरच पाहिल्या, त्यांना ते दुसरं काय दिसणार! हॉटेलचा पाया त्यांच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं.

सर तर माझ्याकडे आले ते हात जोडूनच. "मॅडम, कमाल केली तुम्ही. आमच्या शाळंत काळी माती, पावसाळ्यात चिखल अन् उन्हाळ्यात पाय जाईन एवढ्या भेगा. तालुक्याच्या सामन्याला लेकरं घासून सराव करून राह्यलेत, पण बराबर आखलेलं ग्राउंड त्यांनी पाह्यलं न्हाई. तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी तोंड उघडलं. खरं सांगायला उघडलं, ही शपथ. पण तोवर अर्ध्या लेकरांनी चपला काढून रांगेत ठेवल्या होत्या. तोंड पुन्हा मिटलं. सरांनी चौकोन मोजले, ते खो-खोला लागतात त्यापेक्षा जास्त निघाले. सर म्हणाले, "असू द्या, जास्तीच्या जागी बारके बसतील," आणि शिट्टी फुंकली.

मग जे सुरू झालं ते मला आजही आठवलं की एकटीच हसते. एक तोंड इकडे, एक तोंड तिकडे करून मुली चौकोनांत बसल्या. "खो!" म्हणून पाठीवर थाप बसली की अशी सुटायची एकेक, की बल्लीला हात घालून गर्रकन वळताना बल्ली हलायची. कॉलमच्या रेघा, भिंतीच्या रेघा, जिन्याच्या रेघा, सगळ्यांवरून पावलं धडाधडा चाललेली. सेंट्रिंगवरचे मजूर काम टाकून खडीच्या ढिगावर येऊन बसले. जेसीबीवाला आपल्या मशीनच्या टपावर उभा राहून शिट्ट्या मारू लागला. आणि तेवढ्यात इंजिनिअर पळत आला.

"मॅडम! माझं लाइनआउट! दीड दिवसाचं काम आहे ते!"

"हळू बोला," मी म्हणाले.

"हळू काय? सगळं पुसून टाकलं! थांबवा त्यांना!"

"तुम्ही थांबवा," मी म्हणाले. "जा, सांगा त्यांना, की हे मैदान नाही."

तो तावातावाने दोन पावलं पुढे गेला. तेवढ्यात एक धावणारी मुलगी रेघेपाशी थबकली, तिच्या संघाचं म्हणणं ती आत, समोरच्यांचं म्हणणं ती बाहेर, आणि एकच गलका झाला. सरांचं लक्ष नव्हतं. इंजिनिअर उभा राहिला, खाली वाकून पुसट रेघ बघितली आणि म्हणाला, "आउट आहे. ही रेघ इथून जाते, मी मारली आहे." झालं. त्या क्षणापासून तो पंच. शर्टच्या बाह्या वर करून तो रेघेच्या कडेने धावायला लागला, आणि एकदा तर मजुराला हाक मारून पुसलेली कडेची रेघ पुन्हा मारून घेतली.

लेकरांचा डाव संपला तसा मुलींनी कँटीनकडे बघून ओरडायला सुरुवात केली, "मावशी या! मावशी या!" बायका लाजून एकमेकींच्या मागे लपल्या. पण मावशींनी हातातला झारा खाली ठेवला, पदर कमरेला खोचला, आणि आल्या. मला वाटलं दोन पावलं चालतील, लेकरांचं मन राखतील. कसलं काय. अशा पळाल्या त्या, की पाठलाग करणाऱ्या दोन मुली थकून चौकोनात बसल्या. एका बल्लीपासून दुसऱ्या बल्लीपर्यंत हुलकावण्या देत, तोंडानं हसत, हातातल्या बांगड्या खळखळ वाजत. मग बाकीच्या बायका कुठल्या थांबायला! त्या उतरल्या, मी उतरले. मला पहिल्याच खो-मध्ये एका चौथीतल्या मुलीनं पकडलं, ते जाऊ द्या.

आणि मधेच मला फाटकात उभे अण्णा दिसले. कधी आले होते कोण जाणे. हाताची घडी घातलेली, चेहऱ्यावर काहीच नाही. दोन मजली हॉटेलचा सगळा आराखडा त्यांच्या समोर लेकरांच्या तळव्यांना चिकटून चालला होता.

पिठलं-भाकरी खाऊन, हत्तीवर बसून, फोटो काढून दुपारी बस निघाल्या. जाताना सरांनी अण्णांचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "मालक, लाख पार्कं असतील. पण लेकरांना काय पाहिजे ते समजून मैदान ठेवणारा माणूस मी पाह्यला न्हाई. मी सगळ्या शाळांना सांगतो." अण्णा नुसतं "हो, हो" म्हणाले. बस हायवेला लागली.

मजूर ढिगावरून उतरले. इंजिनिअर हळूच म्हणाला, "अण्णा, लाइनआउट पुन्हा मारावं लागेल."

"ते दिसून राह्यलं मला," अण्णा म्हणाले. ते मैदानावरून चालत गेले, मधे थांबले, पायानं एक रेघ चाचपली. बायका मैदानातच घोळका करून उभ्या होत्या. भांडी घासून झाली होती, जायची वेळ झाली होती, पण कुणी जात नव्हतं. मी पुढे झाले. अण्णांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते सरळ मावशींसमोर गेले.

"मावशी, परवा शहागडची शाळा येणार हाये. आजच्यापेक्षा जास्त लेकरं. पीठ जास्त मळा." मग मागे न वळताच इंजिनिअरला म्हणाले, "अन् साहेब, हॉटेल सहली संपल्यावर. तोवर या जागेला जेसीबी लावायचा न्हाई. उद्या फक्की मारा, पण बराबर मापानं मारा. आज चौकोन जास्त होते."

एवढं बोलून अण्णा गाडीत बसून निघून गेले. मला बोलले नाहीत याचा क्षणभर राग आला, माझा स्वभावच तसा. मग कळलं, की ज्यांना सांगायला पाहिजे होतं त्यांनाच ते सांगून गेले.

बायकांनी एकच कल्ला केला. मावशी मात्र जिथे उभ्या होत्या तिथेच खाली बसल्या, पुसलेल्या रेघांच्या मधोमध. मी धावत गेले. मला वाटलं चक्कर आली, या वयात एवढं पळाल्या. "मावशी, काय झालं? पाणी आणू का? कशाला पळायचं एवढं?"

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मला वाटलं ताई, आज शेवटचाच दिस. पोराला रात्रीच फोन करून सांगितल्तं, परवा न्यायला ये म्हणून." त्यांनी माझा हात धरला. "मंग म्हणलं, जायचंच हाये तर एकदा मन भरून पळून तरी घ्यावं."

मी त्यांच्या शेजारी फक्कीत बसले आणि माझाच फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी नंबर लावायला सांगितला, आणि पलीकडून "हॅलो" येताच, माझ्यापेक्षाही मोठ्या आवाजात, हायवेवर ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "येऊ नको रे. मला टाइम न्हाई!"